मधली फट

मेंदूत रक्तस्राव झाला, त्यातून सोमशेखर वाचले. पण होटगीच्या घरी परतलेला माणूस वेगळाच होता. किराणा दुकानात गिऱ्हाइकाला बोलून बोलून थांबवून ठेवणारे सोमशेखर आता खाटेवर बसून राहत. डोळे उघडे. घास भरवला तर गिळत. बोलत मात्र नसत, स्वतःहून बोटही हलवत नसत.

"लकवा न्हाय, मग बोलत का न्हाईत हे?" त्यांच्या बायकोनं, सावित्रम्मानं, सोलापुरात डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर वैजयंती माने खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "काकू, मेंदूतल्या दोन पेशींच्या मधे बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरीला निरोप पोचतो. मग पहिली ते रसायन लगेच परत ओढून घेते. काही करावंसं वाटायला जे रसायन लागतं, डोपामिन, ते यांच्या मेंदूत फार कमी सुटतंय. ही उत्तेजक गोळी ते परत ओढणं अडवते. मग आहे तेवढंच फटीत जास्त वेळ टिकतं. गुण येईलच असं नाही. आणि आपल्या मनानं वाढवायची नाही हं, रक्तदाब बघावा लागेल."

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली. एका सकाळी सावित्रम्मा त्यांना ताक पाजत होती.

"मज्जिगी हुळी आगेद," सोमशेखर कानडीत म्हणाले.

ताक आंबलंय. नवऱ्याचाच आवाज, जरा घोगरा. तिनं भांडं खाली ठेवलं आणि त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आहो! इतके दिवस कुटं होतात?"

"हितंच की. सगळं ऐकत हुतो."

"मग बोलला का न्हाईत?"

सोमशेखर विचारात पडले. "बोलावं असं वाटलंच न्हाय. भूक लागायची, पण खावंसं वाटायचं न्हाय. दुःख बी न्हवतं."

इच्छा म्हणजे माणसाची स्वतःची, असं सावित्रम्मा धरून चालली होती. मग ती इच्छा अशी डोळ्यांना न दिसणाऱ्या कुठल्याशा फटीतून येते?

त्या दिवशी ते उठून अंगणात गेले, शेजारच्या बिरप्पाशी दुकानाचं बोलले, हसले. दुपार कलली तसे शब्द विरळ झाले. मग थांबलेच. हात मांडीवर, डोळे उघडे. सावित्रम्मानं घाबरून फोन लावला.

"गोळीचा असर उतरला, काकू," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या सकाळी परत बोलतील. दुपारची एक वाढवून बघू."

तसंच झालं. हळूहळू दुकान उघडायला लागलं, दिवसभर चालायला लागलं. संध्याकाळी मात्र अजूनही ते गप्प होतात. सावित्रम्मा आता घाबरत नाही. त्यांच्याजवळ बसते आणि दिवसभराचं सगळं सांगत राहते, उत्तराची वाट न बघता.