पोपटांची किनार

"काठ घट धर गो समे, मधल्याचं मी बघीन."

उरणच्या आमच्या ओटीवर वाळलेल्या लुगड्याची घडी घालताना आई हे म्हणायची. मी सहा वर्षांची. एक टोक माझ्या मुठीत, दुसरं तिच्या हातात, मध्ये नऊ वारांचं अंतर. मग ती पुटपुटल्यासारखी गायची:

लांब लांब लुगडं माझं, दोन टोकं दोन हाती
घडीवर घडी पडे, लेक आली माझ्यापाशी

आणि खरंच, घडी संपता संपता माझं नाक तिच्या पोटाला टेकलेलं असायचं.

मोठेपणी मी काठांवरच पोट भरीन, हे तेव्हा कुणाला ठाऊक! २०१४ साली पनवेलच्या लाइन आळीत, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत मी वेबसाइट बनवायचे. फोटोला चौकट, मजकुराला चौकट, बटणाला चौकट. कशीही सांगा, दोन ओळींच्या कोडमध्ये देते, असा माझा तोरा होता. तो खलीलचाचा जिना चढून येईपर्यंत टिकला.

टपाल नाक्याजवळ त्यांचं 'सायमा लेस हाऊस'. सायमा त्यांची एकुलती एक लेक, पुढे पनवेलच्या शाळेत माझ्याच बाकावरची. लग्न होऊन मस्कतला गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं म्हणजे "बरी आहेस?" "बरी आहे. जेवलात?" "जेवलो." संपलं. कारण सगळ्या बाजाराला माहीत होतं. चाचांनी तिच्या निकाहच्या ओढणीसाठी सुरतेहून खास पोपटांची किनार विणून आणली, आणि सायमाने ओढणीला लावली मुंबईच्या दुकानातली. लेस हाऊसच्या मुलीने! पोपटांचा गुंडाळा वरच्या फळीवर गेला आणि चाचांची जीभही त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"समृद्धी बेटा, दुकानाची वेबसाइट बनव. मस्कतला दिसते ना?"

"सगळीकडे दिसते, चाचा."

"सगळीकडचं राहू दे. मस्कतला?"

"मस्कतला पण."

"मग बनव. आणि नुसती बनव हां. तिला बघ म्हणून मी सांगणार नाही. दिसली तर दिसली."

मी पहिला नमुना दाखवला. चौकटींना एक पिक्सेलची बारीक रेघ. चाचांनी गळ्यातली टेप काढून पडद्याला लावली.

"एक पिक्सेल म्हणजे किती सूत?"

"तसं नसतं ते, चाचा."

"मापाशिवाय किनार? तौबा!"

मग मी एकेक प्रकार काढत गेले. ठिपक्यांची रेघ बघून ते म्हणाले, "माळ तुटली कुणाची?" दुहेरी रेघ बघून, "ही पायजम्याची नाडी." खोबणीसारखी दिसणारी रेघ दाखवली, तर "हे आमच्या कपाटाचं दार आहे, बेटा, दुकान नाही." शेवटी तुटक रेघ काढली. ती बघून मात्र ते खुर्चीतून उठलेच.

"अगं, हा कच्चा टाका! शिंपी काम टाकून चहाला गेला की काय?"

त्यांच्या दुकानाचा कायदा मला पाठ होता. ओढणीला किनार आधी कच्च्या टाक्याने धरायची. जिची ओढणी, तिने स्वतः दुकानात यायचं, अंगावर घेऊन आरशात बघायचं, मगच मशीनवर पक्की शिलाई. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी चाचा ऐकत नसत. एका नवरीने भावाला पाठवलं, तर चाचांनी त्याच्याच डोक्यावर ओढणी टाकून त्याला आरशासमोर उभा केला होता.

दुसऱ्या दिवशी ते काखेत गुंडाळा मारून आले. पोपट! हिरवेगार, लाल चोचीचे, पोट सुटलेले, एकामागे एक चाललेले. रंग असा की खिडकीतला कावळा उडून गेला.

"हीच किनार लाव. सगळ्या चौकटींना."

"चाचा, सगळ्या?"

"सगळ्या." आणि मला कळायच्या आत त्यांनी खिशातून टाचणी काढली.

"चाचा, पडद्याला टाचणी नको!"

मग चिकटपट्टीने चिकटवली. आठवडाभर माझा मॉनिटर नवरीसारखा नटून बसला होता.

पोपटांचा फोटो काढून मी तो कोडमध्ये किनार म्हणून लावला. पहिल्यांदा तो ताणला गेला. एकेक पोपट म्हशीएवढा लांब झाला. चाचा पडद्याजवळ वाकले. "मगर आहे ही," ते हळूच म्हणाले.

मग ताणायच्या ऐवजी एकामागे एक मांडले. आता पोपट नीट आले, पण कोपऱ्याजवळ येऊन कापले गेले. एकीकडे नुसती शेपटी, दुसरीकडे नुसती चोच.

"कोपऱ्यावर पोपट कापत नाहीत, बेटा. आधी मोजायचे, थोडं आवळायचं, थोडं सोडायचं, वळणावर अख्खा पोपट आला पाहिजे. चाळीस वर्षांत मी एक पोपट मारला नाही."

शोधता शोधता मला कोडमधला एक शब्द सापडला, 'राउंड'. तो लिहिला की ब्राउझर स्वतःच पोपट मोजतो, थोडे आवळतो, थोडे सोडतो आणि बाजूत बरोबर अख्खे बसवतो. चाचांनी सगळ्या चौकटींचे पोपट बोटाने मोजले. मग पडद्याच्या पाठीवर थाप मारली. "ह्याचा उस्ताद कोण गं?"

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. जुन्या ब्राउझरला चित्राची किनार कळत नाही. त्याच्यासाठी खाली एक साधी रेघ ठेवावी लागते. मी घाईत हिरवी, जाड, तुटक रेघ ठेवून दिली होती. म्हटलं, जुना ब्राउझर आता वापरतंय कोण?

साइट सुरू झाली. मीच सायमाला पत्ता पाठवला. चाचांना तेही सांगितलं नाही, पण रविवारी ते सकाळपासून माझ्या खोलीत बसून होते. मस्कतला रविवारी ऑफिस असतं. "पंखा चांगला आहे तुझा," एवढंच म्हणत होते. अकराला त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो धडपडत स्पीकरवर टाकला.

"अब्बा, दुकानाची वेबसाइट बघतेय. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर."

"अच्छा? दिसली का?" जसं काही त्यांना पत्ताच नव्हता. "किनार बघितलीस?"

"किनार कुठेय? सगळीकडे कच्चा टाका दिसतोय. हिरव्या दोऱ्याचा."

ऑफिसचा जुनाट कॉम्प्युटर! चाचांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चाळीस वर्षांतला पहिला पोपट मारला. "सायमा, ते माझ्यामुळे..." मी सुरू केलं, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

"अब्बा?" पलीकडून सायमाचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, तुम्ही पोपट लावले असणार. भीत भीतच उघडलं. अब्बा, रागावू नका. निकाहला एवढे पोपट अंगावर घेऊन बसायचं मला जमलं नसतं. सासू मोजत बसली असती. म्हणून मुंबईला गेले. तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती."

चाचांनी मॉनिटरकडे बघितलं. तिथे एकशे बारा पोपट पोट सुटलेले उभे होते, सगळे अख्खे.

"भयंकर आहेत ना?" चाचा म्हणाले.

"भयंकर आहेत, अब्बा."

"चार वर्षांची होतीस, तेव्हा पोपट पोपट करून दुकान डोक्यावर घ्यायचीस. मला वाटलं, अजून तेच आवडतं." ते हसायला लागले, आणि पलीकडे सायमाही. दोघं मिळून एवढे हसले की खालचा चष्मेवाला वर डोकावून गेला.

मग सायमा म्हणाली, "पण कच्चा टाका का ठेवलात? कुणी यायचं राहिलंय का?"

मला आईचं लुगडं आठवलं. चाचांनी गळ्यातली टेप काढली, एक टोक मुठीत धरलं आणि फोन तोंडाजवळ आणला.

"तू," ते म्हणाले. "तू यायची राहिलीयस. घरी ये, बेटा. दोन वर्षं रोज दुकान उघडताना वाटतं, आज तरी म्हणेन. तुझ्यावाचून मला करमत नाही गं."