अंजना काकूंचा उजेड

“सावलीची खूण धरू नको, रेणू. सावली थांबत नसते,” अंजना काकू म्हणाल्या, तेव्हा मी टॉर्च दातांत धरून माझ्या मुलीच्या, आशूच्या, बुटांच्या नाड्या बांधत होते. नुसती मान हलवली. तीन वर्षांच्या पोरीला पहाटेच्या थंडीत डेथ व्हॅलीच्या वाळूवर आणणाऱ्या बाईच्या डोक्यात आधीच शंभर काळज्या असतात. विंचू, सर्दी, शी-शू. सावली त्यात कुठेच नव्हती.

खरं तर मी काकूंवर लक्ष ठेवायला आले होते. आम्ही तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला राहायचो आणि त्यांचा मुलगा अतुल ऑफिसात माझ्या नवऱ्याच्या टीममध्ये होता. दर थँक्सगिव्हिंगला काकू तिथे एकट्या जायच्या आणि वाळूच्या टेकड्यांचे फोटो काढायच्या. आदल्या वर्षी, २००५मध्ये, घसरून त्यांचं मनगट मोडलं. म्हणून त्या वर्षी अतुलने मला गाठलं. “तू बरोबर जा आणि मला खरं सांग, आईला हे झेपतं का. तू नाही म्हणालीस तर हे सगळं बंद. कॅमेरा मी ठेवून घेईन.”

तो काळजीनेच बोलत होता. काळजी करणारी माणसं मला लगेच पटतात.

काकूंना हे सगळं माहीत होतं. “माझ्यावर पहारा आहे ना तुझा? ठेव. पण माझ्या उजेडात उभी नको राहू.”

काकू नागपूरच्या, साठी ओलांडलेल्या. आधी तिथल्या आणि मग या देशातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी जन्मभर मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्त तपासलं.

“तळघरात होती आमची लॅब,” ट्रायपॉडचे पाय वाळूत रोवत त्या म्हणाल्या. “दिवसभर ट्यूबलाइट. तिला ना सकाळ, ना संध्याकाळ. बाहेर सूर्य काय करून राहिला, पत्ताच नसायचा. आता मी बघते. कुणाला काय त्रास आहे?”

मग डोंगरामागून ऊन आलं. राखाडी टेकड्यांची एक बाजू जर्दाळूच्या रंगाची झाली, दुसरी गर्द निळी. मधली कड सुरीने कापल्यासारखी. काकूंनी एक फोटो काढला आणि थांबल्या. तीच टेकडी, तोच कॅमेरा. थोड्या वेळाने निळा रंग खाली सरकला, तेव्हा दुसरा काढला.

“मम्मी, पॉटी,” आशू म्हणाली.

मी तिला उचलून दोन टेकड्यांपलीकडे गेले. जाताना नीट बघून ठेवलं: जिच्या पोटावर चंद्रकोरीसारखी सावली आहे, तिच्यामागे काकू. आशूचं झालं, पण मग तिला वाळूवरून घसरायचं होतं. “वन्स मोअर, मम्मी!” वन्स मोअर करता करता ऊन चांगलंच वर आलं.

परतायला वळले, तर चंद्रकोर नव्हती. कुठेच सावली नव्हती. रव्याने भरलेल्या परातीसारखं सगळं सपाट, पांढरट दिसत होतं. पावलांचे ठसे होते, पण कालच्या टूरिस्टांचेही होते, सगळ्या दिशांना गेलेले. पाण्याची बाटली काकूंच्या पिशवीत राहिली होती. मी एका टेकडीवर चढले, मग दुसऱ्या. आशू कडेवर रडायला लागली. मी हाका मारल्या. माझा आवाज वाळूतच जिरला.

“रेणू! बस खाली! तिथेच!”

लांबच्या कडेवर बोटाएवढ्या काकू दिसल्या. मी मटकन बसले. वाटलं, आता येतील. पण त्यांनी डोळा परत कॅमेऱ्याला लावला.

“काकू!”

“बस म्हटलं ना! ढग आलाय, दोन मिनिटं!”

ढगाची सावली टेकड्यांवरून सरकत गेली. ती पुरती निघून गेल्यावर काकू निघाल्या. शेवटच्या उतारावर पाय सुटला आणि बसल्या बसल्याच घसरत त्या खाली आल्या, कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला.

“पडलात तुम्ही!” मी ओरडले.

“तू हरवली होती. मी फक्त पडली.”

“पोर रडत होती आणि तुम्ही फोटो काढत होतात?”

“दिसत होत्या ना मला दोघी. रडणाऱ्या लेकराची भीती नसते रेणू, गप्प झालेल्याची असते. पाणी पाज तिला आधी.”

मोटेलवर पोचल्यावर खोलीतल्या फोनवरून अतुलला फोन लावला. काकू समोर बसून बारीक ब्रशने लेन्सवरची वाळू झटकत होत्या. हात कापत होता. ब्रश दोनदा खाली पडला. माझ्या नजरेतून असं काही सुटत नाही.

“खरं सांग,” अतुल म्हणाला.

“पडल्या. हातही कापतोय त्यांचा,” मी म्हणाले. काकूंचा ब्रश थांबला. “आणि मला न् आशूला त्यांनीच शोधून आणलं.”

“म्हणजे नाहीच ना झेपत?”

“मला नाही झेपत, अतुल. त्यांना झेपतं. पुढच्या वर्षीचं तिकीट काढ.”

“यार रेणू, तुझी आई असती तर?”

तेवढ्यात काकूंनी फोन घेतला. “जय भीम, बेटा. पडायचंच असलं तर वाळूत पडीन. तुझ्या बाथरूमपेक्षा मऊ आहे.” आणि ठेवून दिला.

त्याला दोन वर्षं झाली. आम्ही आता श्रूजबरीला असतो, देशाच्या दुसऱ्या टोकाला. काकू मात्र तिकडे जातातच, एकट्या. या नोव्हेंबरातही जाणार आहेत. त्या वाळूत मोबाइल लागत नाही. तिथे ऊन वर येतं तेव्हा इथे माझा चहा हातात गार होत असतो, आणि काळजी काही माझी जात नाही.

म्हणून सांगते. थँक्सगिव्हिंगला तुमच्यापैकी कुणी वेगासला जाणार असाल, आणि आपली माणसं जातातच, तर तिथून दोन-अडीच तासांवरच्या डेथ व्हॅलीत एक पहाट काढा. ठेंगणीशी बाई, मुलाचं जुनं जाकीट घातलेली, ट्रायपॉडपाशी उभी दिसेल. जवळ जा. पाणी आहे का, विचारा. हात कापत असेल तर पिशवी धरा. परत चला, असं मात्र म्हणू नका.