गोल किल्लीची कुलपं

व्लास्टा आणि मी एकाच चष्म्याच्या दुकानात. मी पुढे काउंटरवर, ती मागे काचा घासायला. नवरा गेल्यावर तिला एक नाद लागला: गोल भोकाची छोटी कुलपं. सायकलींना, कॉफीच्या यंत्रांना असतात ना, ती. किल्ली म्हणजे पोकळ नळी, आणि आत बारीक पिना गोलाने उभ्या. जुन्या बाजारातून किल्ली हरवलेली कुलपं ती आणायची आणि स्वतः घासून केलेल्या हत्याराने एकेक पिन चाचपत उघडायची. उघडलं की पुन्हा बंद. बस, एवढंच. महिन्यातून एकदा रेल्वेने ओलोमौत्स शहरात जायची. तिथल्या एका बिअरखान्यात असलेच नादिष्ट जमत. त्यांचा दंडक एकच: कुलूप स्वतःचं हवं, आणि कुठे लावलेलं नको.

तिच्या घराच्या वरच्या मजल्यावरची लुडमिला ही तिची जिवाभावाची मैत्रीण. "नवरा गेला की बायका मांजर पाळतात," ती म्हणायची, "आमच्या बाईसाहेबांनी कुलपं पाळलीत! निदान उंदीर तरी धरतात का गं?" दर रविवारी दोघींची कॉफी ठरलेली. वसंतात लुडमिला गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायची, तेव्हा तिच्या घराची किल्ली व्लास्टाकडे आणि फुलझाडांना पाणीही व्लास्टाचंच.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत गावच्या सभागृहात छंदांचं प्रदर्शन भरलं. लोकांनी भरतकाम मांडलं, सुकवलेली अळंबी मांडली. व्लास्टाने टेबलावर कुलपं मांडली आणि सगळ्यांसमोर एकामागून एक उघडून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावच्या वर्तमानपत्रात फोटो आला. लाजून लाल झालेली, केस विस्कटलेले, पण हसरी. तो अंक तिने चार जणांना दाखवला असेल, पाचवी मी.

नाताळाआधी स्टेशनातल्या आणि दवाखान्यातल्या कॉफीच्या यंत्रांतली नाणी चोरीला गेली. ओरखडा नाही, तोडफोड नाही. कुणीतरी कुलूप नीट उघडून, पुन्हा लावून गेलं होतं.

इन्स्पेक्टर कोउडेला म्हणजे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. एके दुपारी तो दुकानात आला, तेव्हा दोन म्हाताऱ्या डोळे तपासून घ्यायला बसल्या होत्या. त्याने खिशातून एक कुलूप काढून काउंटरवर ठेवलं.

"बाई, हे असलं उघडेल का हो कुणाला? किल्लीशिवाय?"

व्लास्टाने एप्रनला हात पुसले, कुलूप उजेडाकडे धरलं. तिचा चेहरा कसा उजळला म्हणून सांगू! "अगंबाई, नवं दिसतंय. स्प्रिंगा कडक आहेत ह्याच्या. थांबा हं." आतून तिची हत्यारांची पेटी आणली. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, पण तिचं लक्ष होतं कुठे? मान तिरकी करून ती पिना चाचपत राहिली. एकदा हत्यार सटकलं तेव्हा स्वतःवरच चुकचुकली. मग कुलूप कट्कन फिरलं.

"बघा! उघडलं!" ती म्हणाली आणि वर पाहिलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हाताऱ्यांनी आपापल्या पिशव्या मांडीवर ओढून घेतल्या. कोउडेला हळूच म्हणाला, "पेटी मला न्यावी लागेल, बाई. आणि उद्या सकाळी जरा चौकीवर या."

तेव्हा तिला समजलं. हातातलं कुलूप तिने खाली ठेवलं, तेही अगदी अलगद, जणू ते कुणाचं तरी तान्हं बाळ होतं.

तिला कुणी अटक केली नाही. दोनदा बोलावलं, विचारलं, सोडून दिलं. पण गाव ते गाव. वृद्धाश्रमात चष्मे बसवायला नेहमी तीच जायची. मालक म्हणाले, "काही दिवस तू नको जाऊस." मग मी जाऊ लागले. तिथले म्हातारे विचारायचे, "ती हलक्या हाताची बाई कुठाय? तू कान ओढतेस आमचे." मी घरी जाताना तिला हे सांगायचे नाही. स्टेशनावरच्या यंत्रापुढून जायला नको म्हणून ती ओलोमौत्सलाही जाईना.

जानेवारीत एका संध्याकाळी मी तिच्याकडे बसले होते. दारात लुडमिला, हातात केकची बशी.

"तुझ्यासाठी केला गं. आणि हे... माझी किल्ली तुझ्याकडे आहे ना? जरा हवी होती. बहिणीला द्यायचीय."

"तुझी बहीण तर लांब ब्रातिस्लाव्हाला असते."

"येणारेय."

"इतक्या थंडीत?"

लुडमिला बशीकडे पाहत राहिली. "तसं काही मनात आणू नकोस हं, व्लास्टा."

व्लास्टाने खुंटीवरची किल्ली काढून तिच्या हातात दिली. दार लावलं. मला म्हणाली, "वेडी. मला आत शिरायचंच असतं, तर किल्ली कशाला लागली असती?" आणि हसायला गेली, तर मध्येच रडू फुटलं. तिला रडताना मी तिच्या नवऱ्याच्या दफनालाही पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये चोर सापडला. यंत्रांत कॉफी भरणाऱ्या कंपनीतून काढून टाकलेला माणूस. त्याच्याकडे दुसरी किल्ली होती, नुसती किल्ली. वर्तमानपत्रात शेवटच्या पानावर चार ओळी आल्या. व्लास्टाचं नाव नव्हतं. नसणारच, कारण चोरीच्या बातमीत ते आधीही छापलं नव्हतं; ते फक्त सगळ्यांना माहीत होतं. कोउडेलाने पेटी आणून दिली. "माफ करा बाई, आमचं कामच तसं." तिने पेटी उघडूनही पाहिली नाही.

"आता तरी ओलोमौत्सला जा," मी म्हटलं.

"जाईन गं. थंडी सरू दे."

थंडी सरली. बिअरखान्यातला एक मित्र गाडी घेऊन आला आणि सगळी कुलपं, हत्यारं घेऊन गेला. तिनेच बोलावलं होतं. तो "अहो, ठेवा थोडी तरी" म्हणत होता. तिने खोकी स्वतः उचलून गाडीत ठेवली.

एप्रिलात लुडमिला झऱ्यांवर निघाली. आदल्या दिवशी खाली आली. किल्ली पुढे करून म्हणाली, "नेहमीसारखं पाणी घालशील ना? चुकलं गं माझं. लोक काहीबाही बोलत होते, मी घाबरले."

"पाणी घालीन की," व्लास्टा म्हणाली. "किल्ली नको. कुंड्या माझ्याकडे आणून ठेव."

"इतक्या सगळ्या? जिन्यावरून?"

"मी येते ना मदतीला."

दोघींनी मिळून कुंड्या खाली आणल्या. जिन्यात लुडमिला रडत होती आणि व्लास्टा सांगत होती, "पायरीकडे बघ, गुडघा जपून." तीन आठवड्यांनी तशाच वर नेल्या. एकही झाड सुकलं नव्हतं.

अजून त्या एकाच जिन्याने ये-जा करतात. भेटल्या की एकमेकींच्या दुखण्यांची चौकशी करतात. रविवारची कॉफी मात्र पुन्हा झाली नाही.