कानबाई गावाला पोचवली मी!

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. पण भंगार म्हणाल तर खबरदार!

ललितदादानं मला गावापासून लांब, यंत्रमागांच्या लिंबायत वस्तीतल्या या घरात आणलं. माझ्यावर साड्यांची किती डिझाइनं काढली त्यानं! तेव्हा माझं कौतुक होतं. नवा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. बॅटरी मेली, बिजागरी तुटली. दादा मला भंगारात देणार होता, तेवढ्यात धाकट्या बहिणीनं, वैशालीनं, मला ओढून घेतलं.

यंदा श्रावणात त्यांची आजी, सरलाबाई, पाय मोडून शिरपूरजवळच्या गावी अडकली. इकडे घरात कानबाई देवी बसवलेली, आणि तिची आरती पाहिल्याशिवाय आजी घास घेत नाही. म्हणून वैशालीनं माझ्या ब्राउझरात आरती थेट दाखवणारं एक पान उघडलं. यात मध्ये कुठली कंपनी नाही. पाहणाऱ्याचाच फोन पुढच्याला चित्र देतो. माझ्याकडून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, ड्यूटीला असलेल्या हिलालकाकांना, त्यांच्याकडून आजीला, अशी साखळी लागली.

आरती सुरू झाली. दोन ओळी होतात न होतात तोच आजीचा फोन आला, "व माय, कानबाई कोठे गई?"

वैशालीनं काकांना फोन लावला. बंद! साखळीची मधली कडी तुटल्याचं ती समजली आणि ओरडली, "थांबवा आरती!"

"आरती कुणी थांबवतं का गं?" दादा चिडला.

"आजी उपाशी आहे. पहिल्यापासून म्हणायची!" मग तिनं आजीला सांगितलं, "तेच पान परत उघड, सरळ माझ्याकडून दिसेल."

दादा म्हणाला, "हा डबा तापून बंद पडेल." डबा? मला? माझा पंखा खरखरत होता, अंग भाजत होतं. पण हटलो नाही. शेवटच्या ओळीपर्यंत कानबाई आजीसमोर होती. "दखाई गई व माय!" ती रडत म्हणाली, आणि मग तिनं प्रसादाच्या रोटाचा तुकडा तोंडात घातला. मला किती बरं वाटलं!

दुसऱ्या दिवशी हिलालकाका कान धरून उभे, "आरती चालू व्हयनी ना पोरी, मी हात जोडा आणि फोन बंद कया!"

मित्रांनो, हात जरूर जोडा. पण पान उघडं ठेवा. तुमच्या मागं कुणीतरी उपाशी बसलेलं असतं. आणि मला माळ्यावर टाकायला याल ना, तर आधी आजीला विचारून या!