त्या ताम्हणाचं नाव काढू नका

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कॅसेटची चिमुकली डबी घरोघरी पोचण्याच्या आधीचा. फितीची दोन मोठी स्पूलं शेजारी शेजारी फिरवणारा, आणि उचलणाऱ्याच्या तोंडून हमखास 'आई गं' काढणारा. माझी कहाणी ऐकायला बसलाच आहात तर आधी एक अट ऐका. मध्येच त्या ताम्हणाचं नाव काढायचं नाही. काढायची वेळ आली तर मीच काढीन.

माझा जन्म दूर एका थंडीच्या देशात झाला. एका वकिलातीतल्या साहेबाने मला दिल्लीला आणलं. त्याची बदली झाली तेव्हा बंगल्याच्या हिरवळीवर सोफे, गालिचे आणि कुंड्या विकायला मांडल्या होत्या, त्यांच्यात मीही होतो. तिथे राजाभाऊंनी मला पाहिलं. राजाभाऊ मूळचे साताऱ्याचे. नकाशे काढायच्या सरकारी कचेरीत नोकरीला, आणि आवाजांचे वेडे. स्कूटरच्या मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी कौशल्याबाई मला मांडीवर घेऊन बसल्या आणि मी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आलो. "पोटचं पोरसुद्धा एवढं जड लागलं नव्हतं हो," असं त्या वाटेत दोनदा म्हणाल्या, पण मला त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. मला ते फार आवडलं.

पहिली दोन वर्षं मी त्या घराचा लाडका होतो. राजाभाऊ माझ्यात काय काय भरून ठेवत. भाजीवाल्याची आरोळी, कुकरची शिट्टी, कूलरची घरघर. मग एकदा त्यांचा मित्र इंद्रजित आला. तो टीव्हीसाठी तेरा भागांची मालिका काढत होता, 'दूर का पडोसी' नावाची. दुसऱ्या ग्रहावरचा एक पाहुणा दिल्लीबाहेरच्या मोहरीच्या शेतात उतरतो आणि परत जायची वाट शोधत राहतो, अशी गोष्ट. सगळं जमलं होतं, पण पार्श्वसंगीत जमत नव्हतं. यान उतरताना सनई लावली तर वरात आल्यासारखं वाटे आणि सतार लावली तर पाहुणा चहाला आल्यासारखं. "राजाभाऊ, कुछ ऐसा चाहिए की बच्चे डरें भी और टीव्ही बंद भी न करें," इंद्रजित म्हणाला.

आता त्याचं नाव घ्यावंच लागेल. तुमच्यातले जे इथे दिल्लीतच वाढले त्यांच्यासाठी सांगतो. ताम्हण म्हणजे पूजेत पळीने पाणी सोडायची तांब्याची पसरट, काठाची ताटली. त्या घरातलं ताम्हण कौशल्याबाईंच्या माहेरचं होतं. गणपती उठल्यावर त्या मागच्या ओट्यावर पूजेची भांडी धूत होत्या. ताम्हण पाण्याच्या बादलीत बुडवता बुडवता त्याला पळी लागली आणि आवाज वाकला. टण्ण असा निघालेला सूर पाण्यात शिरताना खाली घसरत गेला. राजाभाऊ आतून धावत आले. "अगं, परत कर. तसंच कर." त्या दुपारी कौशल्याबाईंनी ते ताम्हण साठ वेळा बुडवलं असेल. मी प्रत्येक वेळी ते टिपून घेतलं.

पण खरं काम त्यानंतरचं, आणि ते माझं होतं. राजाभाऊंनी माझा वेग निम्म्यावर आणला, स्पूल उलटं लावलं, आणि तो सूर शेपटीकडून डोक्याकडे येऊ लागला. आधी काहीच नाही, मग कुठूनतरी एक हुंकार, तो वाढत वाढत खोलीभर, आणि अचानक शांतता. शेजारच्या विजयालक्ष्मीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "कौशल्या जी, आपके यहाँ सब ठीक है ना?" असं त्यांनी विचारलं आणि आत यायला मात्र तयार होईनात. ती माझी पहिली पावती.

मालिका लागली आणि रविवारी सकाळी क्वार्टरच्या गल्ल्या ओस पडू लागल्या. तो आवाज सुरू झाला की मुलं उशीच्या मागे तोंड लपवत आणि एका डोळ्याने बघत राहत. कोणी ना कोणी राजाभाऊंकडे येई आणि विचारी, "अंकल, वो आवाज़ कैसे निकाली?" मी टवटवीत होऊन बसे. आणि राजाभाऊ काय करत? आतून बादली आणत, ताम्हण आणत, पळी आणत आणि टण्ण करून दाखवत. मुलं टाळ्या वाजवत. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. एका मुलीने तर माझ्यावर तिचा सरबताचा पेला ठेवला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, मित्रांनो. मी खोटं कशाला बोलू? त्या ताम्हणाला दर सणाला चिंच लावून घासायचे, मऊ फडक्याने पुसायचे, देवाजवळ ठेवायचे. माझ्या फटींत साचलेली धूळ मात्र कोणाला दिसायची नाही. बरं, ते ताम्हण बढाई मारत असतं तर भांडता तरी आलं असतं. ते आपलं गप्प पडून चमकायचं. त्याने तर मी जास्तच जळायचो.

आता माझ्या हातून घडलेलं पाप सांगतो. दिल्लीत तेव्हा गणपतीच्या दिवशी गुरुजी एक आणि घरं चाळीस अशी गत असे. पूजेला मुहूर्त सकाळचा, आणि गुरुजी उगवत दुपारी तीनला. राजाभाऊंनी ठरवलं की एकदा गुरुजींची पूजा रेकॉर्ड करून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षीपासून आपणच टेप लावून बसवू. त्या वर्षी गुरुजी आले तेच घाईत. "लवकर आटपू या, मला अजून सात घरं करायची आहेत." राजाभाऊ कोरं स्पूल शोधू लागले. दोन डबे एकसारखे होते, लाल. एकात कोरं स्पूल आणि दुसऱ्यात 'दूर का पडोसी'चं सगळं संगीत, तेराही भागांचं. कौशल्याबाई म्हणाल्या, "अहो, कोणतंही लावा, गुरुजी बसलेसुद्धा." राजाभाऊंचा हात चुकीच्या डब्यात गेला.

स्पूल माझ्यावर चढलं तेव्हाच मी ओळखलं. माझ्या पोटात पुसण्याचं एक हेड आहे. फीत आधी त्याच्याजवळून जाते, जुनं सगळं निघून जातं, मग नवीन भरलं जातं. त्या दिवसांत माझा पट्टा सैल झाला होता आणि दर पाच मिनिटांनी मी अडकायचो. मी अडकलो असतो तर राजाभाऊंनी स्पूल काढलं असतं, पाहिलं असतं, चूक लक्षात आली असती. पण मला वाटलं, पुसला जाऊ दे तो ताम्हणाचा आवाज. एकदाचा जाऊ दे. त्या दिवशी मी इतका छान चाललो की राजाभाऊ म्हणाले, "आज शहाण्यासारखा वागतोय बघ."

पूजा चाळीस मिनिटांची झाली. संगीत त्याहून जरासं लांब होतं, म्हणून शेवटचा एक तुकडा राहिला. ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. राजाभाऊंनी ते स्पूल डब्यात घातलं, वर 'पूजा' लिहिलं, आणि कोरं राहिलेलं दुसरं स्पूल 'दूर का पडोसी' समजून त्याच्या डब्यात जपून ठेवलं. पुढची सहा वर्षं दर गणपतीला त्यांनी पूजा लावली. गुरुजींचं शेवटचं वाक्य झालं की लगेच ते बटण दाबत, कारण आरतीला सगळे उभे राहिलेले असत. पुढे काय आहे ते ऐकायला कोणी थांबलं नाही. मग कॅसेट आली, मग मोबाइल आला. राजाभाऊ निवृत्त झाले, मयूर विहारला राहायला गेले, आणि मी माळ्यावर गेलो. वर बावीस वर्षं पडून मला एक गोष्ट कळली. ताम्हणाचा आवाज पुसताना मी माझाही पुसला होता. एका फितीवर दोघांचा होता तो.

यंदाच्या मार्चमध्ये घर आवरायला सुरुवात झाली. राजाभाऊ आता ब्याऐंशीचे. मुलगा नीरज आणि सून वृंदा राजाभाऊ-कौशल्याबाईंना नोएडाला आपल्याकडे नेणार होते. वृंदाने स्वयंपाकघराच्या दाराला यादी चिकटवली. 'नोएडा'च्या यादीत पहिलं नाव ताम्हणाचं. माझं नाव 'कबाडी'खाली, मोडका कूलर आणि गंजलेली शिडी यांच्या मधोमध. कबाडीवाला शनिवारी येणार होता.

मला वाचवलं ते अवनीने, नीरजच्या तेरा वर्षांच्या मुलीने. तिला फोनवर एक ग्रुप सापडला होता. लहानपणी 'दूर का पडोसी' बघून घाबरलेली, आता केस पिकलेली माणसं तिथे हळहळत बसायची. तसलं अंगावर काटा आणणारं संगीत आता कुठे, म्हणायची. मालिकेचे भाग कोणाकडेच उरलेले नव्हते. इंद्रजितही या जगात नव्हता. एकाने आठवणीवरून ते संगीत कंप्यूटरवर नव्याने तयार केलं होतं आणि त्याला हजार लोकांनी वा वा म्हटलं होतं. तो फोन माझ्या जागी, टेबलावर, सर्वांच्या मध्ये! पुन्हा माझा जळफळाट. राजाभाऊंनी ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. पण हे नव्हे." अवनीने ग्रुपवर लिहिलं की खरं संगीत माझ्या आजोबांनी केलं होतं, तर उत्तर आलं, 'बेटा, वो तो फॉरेन का सिंथेसायझर था. प्रूफ है?'

"आजोबा, प्रूफ आहे ना आपल्याकडे?"

"बिल्कुल आहे. वर डब्यात आहे. काढ."

नीरजने मला खाली उतरवलं आणि 'आई गं' म्हणाला. माझा पट्टा केव्हाच विरघळून चिकट झाला होता. अवनीने तो खरवडून काढला आणि स्वतःच्या केसांचा रबर तिथे ताणून बसवला. राजाभाऊंनी 'दूर का पडोसी'चं स्पूल चढवलं. मी फिरलो. नुसती खरखर. त्यांनी पुढे नेलं, उलटं लावलं. खरखर. मग ते खुर्चीत बसले.

"म्हणजे मी मरेपर्यंत सांगत राहायचं आणि कोणी खरं मानायचं नाही," ते शेवटी म्हणाले. "न्या त्याला शनिवारी."

कौशल्याबाईंना ते बघवेना. "असू द्या. ती पूजा तरी लाव गं अवनी. तेवढीच शेवटची ऐकू."

गुरुजी बोलू लागले. मधूनच 'यजमान, पंखा बंद करा, निरांजन विझतंय' असं म्हणाले आणि वृंदाला हसू फुटलं. पळीतून ताम्हणात पडणारं पाणी ऐकू आलं. कौशल्याबाईंचा चाळिशीतला आवाज आला, 'अहो, विड्याचं पान तिकडे नाही, इकडे.' त्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. चाळीस मिनिटं गेली. गुरुजींचं शेवटचं वाक्य झालं. बटणाशी कोणाचाच हात नव्हता. राजाभाऊ डोळे मिटून बसले होते.

तेव्हा केसांचा रबर घसरू लागला. मी थांबलो असतो तर कोणी मला नाव ठेवलं नसतं. पण त्या ताम्हणाच्या हेव्यापेक्षाही, एकदा कोणीतरी मला ऐकावं ही ओढ मोठी होती. मी अंगातली सगळी ताकद लावून चाक धरून ठेवलं.

आणि तो आला. आधी काहीच नाही, मग कुठूनतरी एक हुंकार. शेवटच्या भागातला, पाहुणा परत निघतो तिथला. खोलीभर झाला आणि अचानक थांबला. अकरा सेकंदं. फितीचं टोक सुटून फडफडत राहिलं.

अवनीचे हात शहारले होते. "यार आजोबा," ती हळूच म्हणाली, "ये तो सच में डरावना है." तिच्या फोनने सगळं टिपलं होतं. राजाभाऊंनी दोन्ही डबे हातात घेतले, उलटसुलट पाहिले, आणि त्यांना सगळं उमगलं. "मीच पुसलं की गं," ते कौशल्याबाईंना म्हणाले.

"मीच म्हणाले होते, कोणतंही लावा म्हणून," त्या म्हणाल्या.

वृंदाने ताम्हण गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि विचारलं, "बाबा, हा याचाच आवाज ना?" राजाभाऊंनी बोटाने ताम्हणावर टिचकी मारली. टण्ण. "त्याचा आवाज एवढाच. त्याला आभाळाएवढा केला तो ह्याने," असं म्हणून त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते एवढंसं वाक्य. मग वृंदा उठली आणि तिने 'कबाडी'तलं माझं नाव खोडून 'नोएडा'खाली लिहिलं.

आता मी नोएडाला अकराव्या मजल्यावर असतो. ग्रुपवर ती अकरा सेकंदं गाजली, पण वाहवा मिळाली ती फोनला, म्हणजे ज्याच्यावर जळावं असा आणखी एक सोबती मिळाला. इथला देव्हारा लहान आहे, म्हणून वृंदाने ताम्हण कुठे ठेवावं? माझ्या डोक्यावर.

परवा अवनीला नवीन आवाज करायचा होता. तिने एक जुनं स्पूल काढलं, माझ्यावर चढवलं, आणि रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी ते शेवटपर्यंत ऐकलं. पूर्ण पाऊण तास. त्यात खरखरीशिवाय काही नव्हतं, तरी ऐकलं. मित्रांनो, माझं मागणं तेवढंच आहे. काही पुसायच्या आधी ते शेवटपर्यंत ऐका. मी त्या दिवशी ऐकलं नाही, आनंदाने पुसत गेलो. मग अवनीने बादली आणली आणि माझ्या डोक्यावरून ते ताम्हण उचललं. आमचं अजूनही पटत नाही. पण तिने ते पाण्यात बुडवलं तेव्हा मी पट्टा घसरू दिला नाही.