मोटारीच्या पायातले तोडे

महूच्या छावणीत लढाईचा उरलासुरला माल लिलावात निघाला, तेव्हा शहाण्या लोकांनी कांबळी घेतली, तंबूचं कापड घेतलं. कुमुदिनीच्या काकासाहेबांनी, म्हणजे दौलतरावांनी, बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकांना बांधायच्या लोखंडी साखळ्या घेतल्या. इंदुरात! जिथे बर्फ फक्त सरबताच्या गिलासात सापडतो!

"चिखल म्हणजे तरी काय, काळा बर्फच," असं त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. आणि खोटं कशाला बोला, भर श्रावणात ते खरंही ठरलं. घरासमोरच्या काळ्या मातीच्या गल्लीत बैलगाड्या अडकून पडायच्या, पण मागच्या चाकांना साखळ्या बांधलेली त्यांची जुनी विलायती मोटार चिखल उडवत बाहेर पडली. गल्ली बघत राहिली. दौलतरावांनी मिशीवरून हात फिरवला.

इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी त्या साखळ्या काढल्याच नाहीत.

कारण काय, तर पणजोबांचा घोडा दसऱ्याच्या स्वारीत पायात चांदीचे तोडे घालून चालायचा, आणि मानाचे तोडे चारचौघांत उतरवायचे नाहीत अशी घरची रीत. आता घोड्याच्या जागी मोटार आली होती. काकींनी साखळ्यांना हळदकुंकू वाहिलं, तेव्हा कुमुदिनीला हसू आवरेना. संस्थान विलीन झालं, मध्यभारताचं सरकार आलं, घोडा तर कधीचाच मेला, तोडे मात्र अजून चालूच!

आज मात्र तिला हसायला सवड नव्हती. महूला शाळाशाळांची वक्तृत्व स्पर्धा होती आणि तिच्या शाळेतून तिची निवड झाली होती. गेल्या साली अशीच देवासची स्पर्धा होती. आपल्या घरातली मुलगी बसने जात नाही, मोटारीनेच जाते, असं काकासाहेब म्हणाले, मोटार चालूच झाली नाही, आणि कुमुदिनी खळ लावलेली साडी नेसून घरी रडत बसली. यंदाही काकासाहेबांचा हट्ट तोच होता, पण रडायचा तिचा बिलकुल विचार नव्हता. शाळेच्या शारदाबाई इतर मुलींना घेऊन सकाळच्या गाडीने पुढे गेल्या होत्या आणि जाताना बजावून गेल्या होत्या, "नाव पुकारलं तेव्हा समोर दिसली नाहीस, तर बेबीला उभी करीन हं!" बेबीला! जी स्वतःचं नाव सांगतानाही दोनदा अडखळते!

मोटार महूच्या डांबरी सडकेला लागली.

"काकासाहेब, पक्की सडक आली. साखळ्या काढायच्या ना?"

"तोडे म्हण."

"बरं, तोडे. काढायचे ना?"

"भर सडकेवर? लोकांनी बघावं, दौलतराव दागिने उतरवतायत म्हणून?"

"अहो, चिखलात त्या दबून बसतात. इथे नुसत्या आपटतायत. ऐका तरी आवाज!"

"आवाज यायलाच हवा. तोडे आहेत ते. छुमछुम."

छुमछुम! लोहाराची अख्खी आळी गाडीखाली कामाला बसल्यासारखं वाटत होतं, आणि म्हणे छुमछुम!

राऊ गावाच्या अलीकडे आवाज बदलला. आता सीटच्या खालून कुणीतरी पहारीने मारत होतं.

"कडी तुटलीय! थांबवा ना!"

"वेग वाढवला की बसेल जागेवर," काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी खरंच वेग वाढवला. दोन सायकलवाले बघत होते ना! त्यांच्यासमोर थांबायचं म्हणजे अब्रूच गेली.

खाडकन आवाज झाला. मोटार म्हशीसारखी एका कुशीवर बसली.

कुमुदिनी उतरली, साडी सावरून वाकली आणि तिने खाली बघितलं. तुटलेल्या साखळीचं टोक चाकाच्या दर फेऱ्याला आत आपटत आलं होतं. त्याने धक्के झेलणाऱ्या शॉकअब्जॉर्बरचा दांडा मोडून टाकला होता. गाडी तोलून धरणाऱ्या कमानीची पकड फुटली होती आणि तिचे पोलादी पाटे पत्त्यांच्या कॅटसारखे फाकले होते. उरलेली साखळी आसाला गुंडाळून बसली होती. हे बघायला काही मेकॅनिक लागत नव्हता. पण वाकणं काकासाहेबांना मंजूर नव्हतं. ते ताठ उभे राहून म्हणाले, "खराब लोखंड. इंग्रज जाता जाता फसवून गेले."

"म्हणजे फसवायला त्यांना खास तुम्हीच सापडलात?"

"तोंड फार चालायला लागलंय तुझं."

"तेच चालवायला तर निघालेय मी! आता जायचं कसं?"

"जायचं कसलं? पुढच्या साली बोल. स्पर्धा काय, दर साली होतात."

पुढच्या साली! एवढं ऐकलं आणि कुमुदिनी वळलीच. इंदूरकडून बस येत होती. तिने सडकेच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले.

"आवो बेनजी, महू?" कंडक्टर दारातून ओरडला.

"हो भिया, महू!"

"कुमुद!" काकासाहेबांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "आपल्या घरातली मुलगी त्या डब्यात चढणार? आणि मी काय इथे एकटा उभा राहू?"

"उभे कशाला राहता? मोटार आहे ना आपली! बसा की."

ती चढली. बस हलली. खिडकीतून मागे बघते तर काय, काकासाहेब खरंच मोटारीत बसत होते. पण पुढे नाही, मागच्या सीटवर! ड्रायव्हर ठेवणं त्यांना झेपेनासं झालं त्याला किती वर्षं झाली, पण येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटावं की ड्रायव्हर गेलाय काहीतरी आणायला आणि सरकार वाट बघतायत. तिरक्या मोटारीत ते सरळ बसायला बघत होते, आणि पुन्हा पुन्हा दाराकडे घसरत होते.

कुमुदिनी इतक्या मोठ्याने हसली की मांडीवर पेरूंची टोपली घेतलेली शेजारची जामफळवाली दचकली. तिनेही मान वळवून मागे बघितलं.

"कोण है वो? तुमारे घर का है कई?"

"नाही हो," कुमुदिनी म्हणाली. "जरा सरका ना, बसू द्या मला."