झकास वाजतोय

राग आधी तिच्या हातात उतरला, मग हातातून पान्यात. गाडीखाली पाठीवर पडून ती नळीची पट्टी सैल करत होती आणि पट्टी तिच्याइतकीच हट्टाला पेटली होती.

"हळू! आटे जातील," वडील वरून ओरडले.

"जाऊ देत!"

"काय म्हणालीस?"

"काही नाही!"

शेजारीण खिडकीत आली, बघून गेली. सकाळपासून बापलेकीचं बोलणं असंच चढ्या आवाजात चाललं होतं.

काल भर पुलावर गाडी बंद पडली होती. मागच्या सीटवर तिची पोर, पोरीच्या मागे ट्रक. नातीला शाळेतून आणायचं काम आजोबांचं, तेही याच जुन्या लाडक्या गाडीतून. "ट्रकवाला केवढा भोंगा वाजवत होता," पोर घरी येऊन म्हणाली, "आणि आजोबा शांत. मागे बघितलंसुद्धा नाही." त्या शांतपणाचं तिला कौतुकच वाटलं होतं.

राग होता तो पंपावरून. या गाडीच्या इंजिनात पेट्रोल जोरात फवारावं लागतं. टाकीतून ते रेटणारा विजेचा पंप गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकांजवळ. तो मेला की गाडी जागच्या जागी मेली. पण असा पंप सहसा एकाएकी जात नाही. आधी कण्हतो, मग केकाटतो.

"बाबा, हा किती दिवस बोंबलत असेल! तरी पोरीला घेऊन निघालात?"

"न सांगता गेला गं. हूं नाही की चूं नाही."

"खोटं बोलू नका!"

"मला खोटारडा म्हणतेस? पाना धरायला कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच! आणि गाडीला कान लाव, हेही तुम्हीच शिकवलंत!"



नळी निघाली. पेट्रोल कोपरापर्यंत ओघळलं, आधी थंडगार, मग झोंबरं. मेलेला पंप तिने रबराच्या कुशीतून ओढून काढला, बाजूला आदळला. नवा मात्र अलगद निजवला, निजत्या बाळाला ठेवावं तसा, आणि एवढ्या हळुवारपणाचाही तिला राग आला. नळ्या आवळल्या. सांडलेलं पुसलं, वाळू दिलं.

"बॅटरी जोडू?"

"जोडा! पण मी सांगेपर्यंत किल्लीला हात लावू नका!"

पंपाच्या वायरचा प्लग हातात घेऊन ती फडक्याने त्याच्यातली माती काढत होती. वर किल्ली खटकन फिरली.

"वाजतोय!" वडील ओरडले. "ऐक, ऐक! झकास वाजतोय!"

ती तशीच पडून राहिली. प्लग तिच्या हातात होता. पंप मुका होता. शेजारणीच्या नळाचं ठिबकणंसुद्धा ऐकू येत होतं.

"किल्ली बंद करा."

"कसला गोड आवाज आहे बघ..."

"बंद करा!"

ती सरपटत बाहेर आली. "बाबा, वायर अजून जोडलीच नाही."

ते तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. कधीपासून असे ओठांकडे बघत होते?

"ट्रक ऐकूच आला नाही तुम्हाला."

"डोळे शाबूत आहेत माझे. रस्ता दिसतो."

"मागे माझी पोर बसली होती!"

"तुझ्या आईला सांगू नकोस."

"आईला? अख्ख्या गल्लीला कळलंय आत्ता!"

"गाडी माझी आहे," ते म्हणाले.

"आणि पोर माझी!"

ती परत खाली शिरली. प्लग असा दाबला की अंगठ्याचं नख दुमडलं. "फिरवा किल्ली!"

किल्ली फिरली. गाडीच्या पोटातून पंप गुणगुणला, मधमाश्यांच्या भरल्या पोळ्यासारखा, आणि थांबला. मग वडिलांचा आवाज आला, आज पहिल्यांदाच खालच्या पट्टीत:

"वाजला का?"

"वाजला," ती म्हणाली.

"आं?"

"वाजला!"

थोड्या वेळाने गाडीच्या कडेला त्यांचे गुडघे टेकले. एक हात खाली आला आणि किल्ली जमिनीवरून तिच्याकडे सरकली.

"उद्या शाळेत तूच जा," ते म्हणाले. "आणि कानाचा डॉक्टर बघ एखादा. बडबड्या नको."

तिला हसू आलं नाही. इतक्या लवकर येणारही नव्हतं. पेट्रोलने झोंबणाऱ्या हाताने तिने किल्ली उचलली आणि खिशात कोंबली.